सरकीचा ढीग

तळोद्याच्या बाजारात सरकी-ढेपेचं दुकान असलेले ते मारवाडी शेठ गिऱ्हाइकाला कधी ‘नही’ म्हणत नसत. माल संपला असेल तर शेजारच्या दुकानातून आणून देत. बोलताना तराजूचं रिकामं पारडं धोतराच्या सोग्याने पुसत राहत. मला ते सगळं जरा दिखाऊच वाटे.

मी तिथे शाळामास्तर. माझ्याकडे एक कासव होतं, जमिनीवर राहणारं. दिवाळीत गावी जायचं, तर ते ठेवायचं कुणाकडे? घरमालकीणबाई म्हणाल्या, “प्रकाशाना घाटवर तापीमा सोडी देसू. पुण्य लागी.” त्या खरंच सोडतील आणि ते बुडून मरेल, या धास्तीने मी ते शेठकडे नेलं.

“ठेई जा मास्तर,” पारडं पुसत ते म्हणाले. “पाला देसू.” जैन माणूस, मुळा-गाजर कासवालाही मिळणार नव्हतं.

सुट्टी संपवून परतलो तो बाजाराचा दिवस. दुकानात माणसाएवढा सरकीचा ढीग, आणि समोर रिकामी गोणी घेऊन एक शेतकरी.

“सरकी नही शे,” शेठ म्हणाले.

त्याने ढिगाकडे बोट केलं. “मंग हाई काय?”

“ती आज इकानी नही.”

तो पुटपुटत समोरच्या दुकानात गेला. शेठ माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तुमनं कासव त्या ढिगमा मझार झपेल शे. फावडं लागी जाई त्याले.”

समोर त्या शेतकऱ्याची गोणी भरली जात होती. शेठनी तिकडे एकदा पाहिलं आणि पारडं पुसायला घेतलं.