दासीच्या तोंडची भाषा

दुपारची जेवणं आटोपली की मी लॅपटॉप उघडते आणि परदेशी माणसांच्या तोंडी मराठी घालते. कोरियन, चिनी, तुर्की मालिका दाखवणारं एक ॲप आहे. त्या मालिकांखाली ज्या ओळी येतात त्या जगभरातले हौशी लोक आपापल्या भाषेत फुकट लिहितात. आधी कोणीतरी बोलण्याप्रमाणे एपिसोडचे तुकडे पाडतं, कोणी त्याचं इंग्रजी करतं, मग आमच्यासारखे मराठी करतात आणि शेवटी एक जण सगळं तपासून पुढे पाठवतो. बदल्यात एपिसोडच्या सुरुवातीला आपलं टोपणनाव क्षणभर झळकतं. नवरा मला बिनपगारी फुल अधिकारी म्हणतो. मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, कारण त्या झळकणाऱ्या नावाचा मला भलताच सोस आहे.

आमचं मराठी पथक बहुतेक पुण्याकडचं. प्रमुख मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, मराठीच्या बाबतीत फार कडक. मी गोंदियाची, घर शहराला लागून फुलचूरला. नोकरीत असताना घरी हिंदी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातलं मराठी शिकवलं. बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि माहेरी, नवेगाव बांधकडे, आमची झाडीबोली. सुरुवातीला मॅडम माझ्या ओळी लाल करून परत पाठवत. मी चिडून चिडून शिकले. पुढे एकदा त्यांनी लिहिलं, ‘तुम्ही विदर्भातल्या वाटतच नाही हं!’ त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. मी तो निरोप नवऱ्यालासुद्धा वाचून दाखवला. त्यानं विचारलं, ‘यात खूश होण्यासारखं काय आहे?’ मला राग आला होता.

मग राजवाड्याची एक लांबलचक कोरियन मालिका आमच्याकडे आली. राजमाता, राजपुत्र, वैद्य, आणि मुदपाकखान्यात एक दासी, सगळ्यांची बोलणी चोरून ऐकणारी. मॅडमनी ग्रुपवर सुचवलं की दासीला जरा गावरान भाषा द्यावी, मजा येईल. मी लगेच हात वर केला. पहिल्याच भागात दासी राजवैद्याला म्हणाली, ‘काऊन जी, मले कायले पाहून राहिले?’ ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. प्रेक्षकांनीही खाली लिहिलं, दासी भारी आहे. तेव्हापासून पथकात माझं नाव ‘गावरान खातं’ पडलं. दारुडा पहारेकरी माझ्याकडे, चोर माझ्याकडे, राजपुत्राचा बावळट मेहुणा माझ्याकडे. राजमातेच्या ओळीसुद्धा मीच लिहीत होते, पण त्या पुण्याच्या मराठीत. कोणाला कोणती भाषा द्यायची यात मला एकदाही अडखळल्यासारखं झालं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर आई माझ्याकडे राहायला आली. तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र दिलं होतं, पण त्यातून नुसता गोंगाट येतो म्हणून तिनं ते काढून ठेवलं. तिच्याशी बोलायचं तर मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावं लागतं. शाळा सातवीपर्यंत, पण वाचायला पक्की. माझी आई म्हणजे तलाव बांधणाऱ्या घराण्यातली बाई, हे तिनं कोणाला विसरू दिलं नाही. तहसीलदारासमोरही ती कधी बिचकली नव्हती. पाण्याच्या पाळीचं भांडण घेऊन गेली होती तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘सायब, तुमी आज आलेत, उद्या जान. तलाव आमचा अठीच राहीन.’ मी तेव्हा कॉलेजात होते, दाराशी उभी. त्या माणसानं तिला खुर्ची दिली होती.

टीव्हीचा आवाज तिला नसला तरी आमच्या ओळी होत्या. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत ती टीव्हीसमोर बसायची आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ते वाचन शेजारपर्यंत जायचं. राजमातेचं बोलणं ती अडखळत वाचे. दासी आली आणि तिचा आवाज एकदम धावायला लागला.

‘अवं, हे तं आपल्यावानीच बोलून राहिली!’ ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मी लिहून दाखवलं, ‘हे मीच लिहिलं आहे, माय.’ तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. संध्याकाळी माझ्या मुलीला व्हिडिओ कॉलवर तेच सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं की माझ्या लेकीनं आपली बोली कोरियात नेली. मला फार बरं वाटलं. एकटेपणानं ती खचत चालली होती आणि मी तिला बोलायला कोणीतरी दिलं, असं मी स्वतःलाच सांगत होते.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी दासीला राजमातेनं थोबाडीत मारलं. त्याआधी पहारेकऱ्याला फटके बसले होते आणि मेहुणा चिखलात पडला होता. आईनं मालिका थांबवायला सांगितली आणि माझ्याकडे वळली.

‘बाई, एक सांग. आपल्यावानी बोलते तेच काऊन मार खाते? ते रानी काऊन नाही बोलत आपल्यावानी?’

मी लिहिलं, ‘राजवाड्यातले लोक आहेत ते. शुद्ध बोलतात.’

‘मंग आपन का अशुद्ध आहो?’

मी लिहिलं, ‘तसं नाही माय. गंमत असते ती.’

तिनं ते वाचलं, चष्मा काढला, पदरानं पुसला. ‘गंमत कोनाची?’ एवढंच विचारलं, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

इतकी वर्षं मराठी शिकवलं, बोलीभाषा म्हणजे आईचं दूध वगैरे निबंध पोरांकडून लिहून घेतले, आणि आईची भाषा हातात आली तेव्हा ती मी नेमकी कोणाला दिली? मार खाणाऱ्याला, चोराला, येड्याला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला स्वतःलाच ते सहज सुचलं होतं, आणि लोक हसले तेव्हा मी फुशारले होते.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना लिहिलं, पुढच्या भागांत राजमातेला आमच्या बोलीत बोलू द्यायचं का? त्यांचं लगेच उत्तर आलं, ‘अहो, मग रडायच्या प्रसंगी लोक हसतील ना!’ आणि पुढे हसरा चेहरा. मॅडम वाईट बाई नाहीत. मी वाद घालू शकत होते. मीही उलट एक हसरा चेहरा पाठवला आणि दासीच्या पुढच्या ओळी लिहायला घेतल्या.

आई मालिका बघत राहिली, पण मोठ्यानं वाचणं थांबलं. घर एकदम शांत झालं. तिच्याकडे करण्यासारखं ते एवढंच उरलं होतं आणि तेही तिनं मिटवून टाकलं, हे मला दिसत होतं. एकदा स्वयंपाकघरातून मला तिची हळू पुटपुट ऐकू आली. डोकावून पाहिलं तर ती राजमातेची ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘आपण बसावे. आम्हास आनंद झाला.’ मला वाटलं, रुसवा गेला, बाई रमली. मी गालात हसून मागे फिरले.

जानेवारीत मॅडम नवेगाव बांधला पक्षी बघायला आल्या आणि परतीच्या वाटेवर आमच्याकडे चहाला थांबल्या. मी पडद्यांपासून कपबशांपर्यंत सगळं बदललं. आईनं आपणहून नवं पातळ नेसलं आणि पाहुण्या दारात आल्याबरोबर म्हणाली, ‘आपण बसावे.’ मॅडमना कौतुक वाटलं. चहा झाला, तलावाच्या गोष्टी झाल्या. मग त्या आईकडे वळून म्हणाल्या, ‘काकू, तुमची ती गावरान भाषा आमच्याकडे सगळ्यांना फार आवडते. थोडी बोलून दाखवा ना!’

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर लिहिलं, ‘मॅडम म्हणतात, आपल्या बोलीत काही बोलून दाखव.’

तिनं ते नीट वाचलं. पाठ ताठ केली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, ‘ती भाषा आमच्याकडे नोकर माणसे बोलतात. आम्ही घरात बोलत नाही.’

मॅडम गोंधळल्या. ‘हो का? मग तुम्ही कुठून शिकलात इतकी छान?’ त्यांनी मला विचारलं.

तहसीलदाराकडून खुर्ची घेणारी ती बाई माझ्या दिवाणखान्यात, माझ्यामुळे, स्वतःची जीभ नाकारून बसली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की ही माझ्या आईची भाषा आहे, मॅडम, ती सकाळीच मला या भाषेत ओरडली आहे. तोंडात आलेलं होतं ते. पण पुण्याच्या त्या बाईसमोर मला आईला खोटं पाडायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण इतकं चांगलं नव्हतं. मला त्या बाईसमोर राजवाड्यातलीच राहायचं होतं. मी मान हलवली आणि म्हणाले, ‘कामवाल्या बायकांकडून. लहानपणी ऐकून ऐकून.’

मॅडम ‘अच्छा, अच्छा’ म्हणाल्या. निघताना आईच्या पाया पडल्या. गाडी वळली, मी दार लावलं. आई कपबशा गोळा करत होती. ऐकू येत नाही म्हणून ती माणसांची तोंडं फार बारकाईनं पाहते.

‘मी तं तुह्यासाठी लबाड बोलली, बाई,’ ती म्हणाली. ‘तुले मान खाली घालाले लागू नाही मनून. तू काय सांगतलीस तिले?’

मी हातानं ‘काही नाही’ अशी खूण केली. तिनं टेबलावरचा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

‘लिहून दे.’

खोटं लिहिता आलं असतं. पण तिच्यासमोर उभं राहून ते जमलं नाही. मी मॅडमना जे बोलले होते तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा सारखा करून वाचलं. मला वाटलं चिडेल, ओरडेल. ती चिडली असती तर मला बरंच वाटलं असतं. तिनं मोबाइल हळूच टेबलावर ठेवला आणि विचारलं,

‘मंग मी कोन आहो तुही?’