डावी पाकळी

आमच्या गावच्या देवळात अजून कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

परवा प्रश्न माझ्या मावसबहिणीचा, सुमनचा होता. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी तिला मागणी घातली होती. तिचा मोठा भाऊ म्हणाला, “देवाला विचारू.”

सगळे पाकळ्यांकडे टक लावून बसले होते. सुमनकडे कोणीच बघत नव्हतं. पाणी सुकलं की पाकळी गळणारच, त्यात देवाचं काय? पण डावी गळली आणि भावाचा चेहरा सैल झाला.

देव आहे की नाही, या वादाचा मला आता कंटाळा आलाय. असलाच, तर माणसाचं आयुष्य तो सुकत्या पाकळीवर टांगणार नाही. ते आपण टांगतो आणि नाव त्याचं घेतो.

पायऱ्या उतरताना मी हळूच म्हटलं, “तुला काय हवं होतं गं?”

सुमनने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

“मला विचारतेस?” ती म्हणाली.