सातव्या सालाचं आमेन

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बहिणीला ठाऊक नाही, रामकलाला अर्धंच ठाऊक आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते बाबा आता नाहीत. मग तुम्हालाच का सांगतेय? यंदा पुन्हा सातवं साल आलंय म्हणून. आणि आता गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलंय म्हणून.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. गोंदियात हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" वीस वर्षं मी इथे शाळेत शिकवतेय आणि वीस वर्षं "तसंच समजा" म्हणत आले. हाही भित्रेपणाच. पण सांगायचं आहे ते याहून वाईट — थांबा, येते त्यावर.

बाबा मूळचे अलिबागकडचे, तेल्यांच्या घरातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रेल्वेच्या नोकरीनं बाबांना इकडे आणलं. निवृत्तीनंतर त्यांनी अर्जुनी मोरगावजवळ, बोडीला, म्हणजे लहान तळ्याला लागून दोन एकर धानाचं वावर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — सहा वर्षं पिकवायचं, सातव्या वर्षी जमिनीला विसावा. आपोआप उगवेल ते माणसाचं, गुराचं, पाखराचं. धर्मातला हा नियम तिकडच्या, इस्राएलच्या भूमीपुरता आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "नियम तिथला असेल, बाय," ते मला म्हणायचे, "पण दमते तर इथलीही माती."

पहिल्या सातव्या साली वावर मोकळं राहिलं. कुणी न पेरता देवधान उगवलं, लव्हाळा माजला, आणि बोडीवरच्या सारसांच्या जोडीनं वावरात मधोमध घरटं केलं. बाबा बसनं जायचे आणि बांधावर तासन्‌तास बसून राहायचे. वावर कसणाऱ्या सुखराम-रामकलाच्या घरी त्या वर्षी धान आमच्या साठ्यातून गेलं, त्यामुळे त्यांचीही ना नव्हती.

पुढचं सातवं साल आलं तोवर काचबिंदूनं बाबांचे डोळे गेले होते. वावर माझ्या हाती आलं होतं. आणि मी — मी त्या वर्षी धानाची रोवणी करून घेतली.

कशासाठी? माझा पगार आम्हा दोघांना पुरून उरत होता. शेजारच्या वावरवाल्यानं बांधावर चारचौघांत विचारलं होतं, "का हो मॅडम, तुमचा देव वावरालेही सुट्टी देते का?" सगळे खो खो हसले. मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सांगितला. एवढंच. मला चारचौघांसारखं दिसायचं होतं.

रामकला म्हणाली होती, "काऊन बाई, औंदा तं सातवा साल आहे ना? बाबाजीले का सांगाचा मंग?"

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं.

चिखलणीच्या दिवशी सारसांची जोडी आली. ट्रॅक्टर या टोकाला आला की ती त्या टोकाला जायची. दोन दिवस ती बांधावर उभी राहिली, मग निघून गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की बाबा विचारायचे, "वावरात काय उगवलं?" आणि मी सांगायची — देवधान कुठवर आलं, लव्हाळ्यात कोणतं पाखरू शिरलं. खोटं अंगवळणी पडतं हो. मला तर ते सांगायला आवडू लागलं होतं, हेही कबूल करते. मग एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "सारस आले?" आले, म्हटलं. "घरटं?" केलंय. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणाले, "पिल्लूही आहे. एक."

बाबा भिंत चाचपत उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली आणि बराखा म्हटली. आमच्यात चांगली बातमी कानावर आली की ही बराखा म्हणतात — देव भला आहे, भलं करणारा आहे, म्हणून त्याचे आभार. कारण नसताना देवाचं नाव घेणं मात्र मोठं पाप. ते पाप त्या माणसानं जन्मभर टाळलं होतं. मी ते त्यांच्याकडून करवून घेतलं.

बराखा संपली आणि ते थांबले. ऐकणाऱ्यानं तिला आमेन, म्हणजे 'हे खरं आहे', असं म्हणायचं असतं, आणि सबंध जिल्ह्यात त्यांना मी एकटीच होते. तेवढ्या वेळात सांगता आलं नसतं का? पिल्लू नाही, बाबा — तीन शब्द. त्यांचा चेहरा किती फुलला होता! मला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि मी आमेन म्हणाले.

नवं धान निघालं. पहिल्या भाताच्या वेळी ते म्हणाले, "कुणाच्या वावरातला गं? चांगला आहे." बाजारातला, असं मी सांगितलं. त्या हिवाळ्यात ते गेले. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, पिल्लू उडायला लागलं का. मी हो म्हटलं.

यंदा वावर मोकळं सोडलंय. सुखरामच्या घरी धान पोचवलंय. शेजाऱ्यानं पुन्हा तोच प्रश्न केला. "हो, देतो सुट्टी," मी म्हटलं. "आम्ही यहुदी आहोत." तो "असा का" म्हणाला, बिडी पेटवली आणि आपल्या वाटेनं गेला. इतकं सोपं होतं ते.

सारस आलेले नाहीत. शुक्रवारी मी दिवा लावते आणि वावरात काय उगवलं ते मोठ्यानं सांगते — जे उगवलं तेवढंच. देवधान, थोडं. लव्हाळा. पाखरू नाही.

आमेन म्हणत नाही.