लांब रॉडचं पाकीट

काय करता म्हणून कुणी विचारलं, तर योगिनी शिर्के सांगे, "पाकिटं बनवते." ऐकणाऱ्याला वाटे, लग्नातल्या आहेराची. मोडलेल्या हाडात बसवायचे रॉड गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात तयार होत, तिथे त्यांची निर्जंतुक पाकिटं आखायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला न फाटणारा पांढरा कागद, कडा उष्णतेने चिकटवलेल्या. ऑपरेशनच्या टेबलापाशी उघडेपर्यंत आत जंतू शिरता कामा नये.

गेल्या वर्षी प्लॅस्टिकवाला बदलला. नवा माल जरा पातळ होता. योगिनीने थरथरत्या टेबलावर खोकी ठेवून ट्रकच्या प्रवासाची चाचणी घेतली, पण ती मधल्या मापाच्या रॉडवर. सगळ्यात लांब, जड रॉड त्या आठवड्यात तयार नव्हते आणि ऑर्डरी खोळंबल्या होत्या. तिने सगळ्या मापांसाठी मंजुरीची सही केली. पुढे लांब रॉड तयार होऊन दवाखान्यांत गेलेही. त्यांची चाचणी तेवढी मागे पडत गेली.

अडीच महिन्यांनी ती उरकायला घेतली. पाकिटात निळं पाणी सोडलं, तर रॉडच्या टोकापाशी प्लॅस्टिकबाहेर निळा ठिपका उमटला. दुसऱ्या पाकिटालाही. तिसऱ्यालाही. म्हणजे टोकाने प्लॅस्टिकला भोक पडत होतं, जंतू शिरायला पुरेसं.

मालक पीयूषभाईंच्या केबिनमध्ये ती धावतच शिरली. "लांब रॉडचा सगळा माल परत बोलवा. आजच."

"योगिनीबेन, शांतीथी, जरा दमानं. परत एकदा तपासा ने."

"तीनदा तपासलं. सही माझी आहे, पीयूषभाई."

त्यांनी डोकं धरलं, पण फोन उचलला. आठवड्याभरात सगळी पाकिटं परत आली. एक तेवढं आलं नाही. त्यातला रॉड करजण गावच्या एका दवाखान्यात नलिनीबेन नावाच्या बाईच्या मांडीत बसवून अकरा दिवस झाले होते.

योगिनीने तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. "ताप आहे," ते म्हणाले. "जखमेतून पू येतोय."

ती तशीच करजणला गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या पाकिटामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. त्यांची शुगर फार आहे. आणि नाही झालं असंही म्हणता येत नाही." हे कधीच कळणार नव्हतं. तिला तेच सोसवेना.

नलिनीबेन शाळेत मुलांचं जेवण रांधायची. पन्नाशीची, अंगाने भक्कम बाई खाटेवर पांढरीफटक पडली होती. योगिनीने हात जोडून, अडखळत, गुजरातीत सगळं सांगितलं.

"पाकीट?" नलिनीबेन तिच्याकडे बघत राहिली. "में तो पाकीट जोयुं पण नथी, बघितलंसुद्धा नाही, बेन. मला फक्त सांगा, पाय राहील ना?"

योगिनी डॉक्टरांना विचारायला बाहेर गेली.

रॉड काढावा लागला. पाय राहिला, पण हाड नीट जुळलं नाही. वॉकर आला, मोठी पातेली उचलणं संपलं, शाळेने दुसरी बाई घेतली. पीयूषभाईंनी दवाखान्याचा खर्च उचलला. सरकारी खात्याला पाठवायच्या अहवालात योगिनीने चाचणी कुणी चुकवली ते स्वतःच्या नावानिशी लिहिलं. तिला काढलं नाही कुणी. रॉडच्या टोकाला मऊ टोपण आणि आत घट्ट ट्रे, असं नवं पाकीट तिनेच आखलं. ते सगळ्या चाचण्यांतून पार पडलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

दर दुसऱ्या शनिवारी ती करजणला जाई. कधी फळं, कधी औषधं. पाचव्या खेपेला नलिनीबेनने तिला दारातच थांबवलं. आवाजात राग नव्हता.

"बेन, आता नका येऊ. तुम्ही आलात की मला वाटतं, हे टळलं असतं. तुम्ही नसता तेव्हा मी म्हणते, नसीब. नशिबाबरोबर मला जगता येतं."

ती कारेलीबागेतल्या घरी पोचल्यावर नवऱ्याने, रमाकांतने, विचारलं, "कशा आहेत त्या?"

"चालतात थोडं," ती म्हणाली, आणि तशीच परत आणलेली फळं पिशवीतून एकेक करून ओट्यावर काढू लागली.