खाटल्याचा चौथा चोर

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळं बांधाच्या, म्हणजे आमच्या तलावाच्या, पाण्यात गेलं. मी स्वतः आमगावला एका शाळेत गणित शिकवतो. तेव्हा "बाहेरची बाधा असेल, अमुक बाबाकडे जा" असं खाली लिहिणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं. आणि "सर, स्लीप पॅरालिसिस गूगल करा" म्हणणाऱ्यांनीही. केलंय मी गूगल!

आमचं गाव नवेगाव बांधजवळ, जंगलाला लागून. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायचो. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दरवेळी तेच... स्वप्नात उठायचो, अंगणाच्या कडेला जाऊन बसायचो, आणि जाग यायची ती मायच्या धपाट्याने. शेवटी आजोबांनी उपाय काढला. सप्तर्षीला आमच्याकडे खाटलं म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटेचे चार खुर, आणि मागचे तीन म्हणजे ती खाट पळवायला आलेले चोर. आजोबा म्हणाले, "बसाच्या आंधी वरतं पाह्य. चार खुर, तीन चोर. बरोबर भरले त जागा आहेस. नाई भरले त सपनात आहेस, गुमान झोपून राय."

आणि खरंच, स्वप्नात ते कधीच बरोबर भरायचे नाहीत. कधी खुर पाच, कधी चोर एकच. महिनाभरात अंथरूण कोरडं. पण सवय अशी अंगात मुरली की मोठा झालो, नोकरी लागली, लग्न झालं, तरी रात्री अंगणात आलो की मान आपोआप वर जायची.

२००७ चा एप्रिल. मोहाचा हंगाम होता आणि मी रविवारसाठी गावी आलो होतो. माय साठीची, तरी पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जायची. मला पगार होता, तिला काही कमी नव्हतं. "काऊन जातेस?" म्हणून किती भांडलो! तिचं एकच उत्तर, "झाड आपलं आहे. आपन नाई गेलो त दुसरा वेचून नेते." त्या वर्षी अस्वल फिरत होतं. मोहफुलं खायला तेही पहाटेच येतं. म्हणून मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की एकटीने जायचं नाही, शेजारची सगुणाबाई सोबत हवी.

त्या पहाटे मी अंगणात खाटेवर झोपलो होतो. माय उशाशी येऊन उभी राहिली. "बाबू, उठ. सगुनाले ताप आहे. तू चाल माह्यासंग." मी उठलो. चपला घातल्या. सवयीने वर पाहिलं. खाटलं वायव्येला झुकलेलं, स्वच्छ दिसत होतं. खुर चार. चोर... चार.

पुन्हा मोजले. चारच. शेवटच्या चोराच्या पुढे, तेवढ्याच अंतरावर, तेवढाच ठळक आणखी एक तारा. मी मनात हसलोसुद्धा! मायला म्हणालो, "तू खरी नाहीस. हे स्वप्न आहे." ती म्हणाली, "बरं, झोप मंग." आणि मी झोपलो.

सातच्या सुमारास गावात आरडाओरडा झाला. मोहाच्या झाडाखाली अस्वलाने तिला गाठलं होतं. डावा डोळा गेला, गाल फाटला. आधी गोंदिया, मग नागपूर, दीड महिना. वाचली.

मी चौथ्या चोराचं सांगितलं, तर गावात जो तो शहाणा. एक नातेवाईक म्हणाला, "अरे, गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरचं विमान असेल." मी त्याच्यावर हातच उगारला. विमान एका जागी थांबतं का रे? मी दोनदा मोजेपर्यंत लुकलुकत नाही, हलत नाही, असलं कसलं विमान?

खरं सांगायचं तर मला त्यांचं काही ऐकायचंच नव्हतं. माझा हिशोब पक्का होता. चोर चार दिसले, म्हणजे मी स्वप्नात होतो. म्हणजे मी उठलोच नाही, तिने हाक मारली असेल तर ती मला ऐकूच आली नाही. म्हणजे माझी चूक नाही. या हिशोबावर मी सात वर्षं काढली. माय त्या पहाटेबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला अंथरूण ओलं करायची तीच खोड लागली. संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी तिला अंगणात उभी करून खाटलं दाखवत होतो. मागून मायचा आवाज आला.

"तिले ते शिकवू नोको."

"काऊन?"

"त्या दिशी तू वरतं पाह्यलास आन् मले म्हनलास, तू खरी नाईस. मनून मी बी वरतं पाह्यली. चारच चोर होते."

"मग इतकी वर्षं सांगितलं काऊन नाही?" मी ओरडलोच तिच्यावर. मुलगी रडायला लागली.

"सांगून काय करतो? डोरा येनार होता माहा?"

त्यानंतर मी किती रात्री मान मोडेस्तोवर वर पाहिलं याला गणती नाही. चोर तीनच असतात. त्या एका पहाटे चौथा कुठून आला, दोघांना कसा दिसला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण नीट सांगा. मला त्या आभाळाचा राग येतो, आजोबांचा येतो, "बरं, झोप मंग" म्हणून गुमान निघून गेलेल्या मायचाही येतो. कोणावर काढू?

मी जागा होतो. माय माझ्या उशाशी उभी होती, सोबत मागत होती, आणि मी तिला तू खरी नाहीस म्हणालो.