फेट्यांनी भरलेली सातची गाडी

सन २०१८. माझं वय छप्पन. शाळा चौथीपर्यंत, पण पुण्याच्या रस्त्यांवर बस चालवून केस पिकलेले. त्या सकाळी खडकवासल्याच्या पुढं मोरदरवाडीत माझी गाडी उभी होती. इंजिन चालू आणि आत प्रवासी एकच. तेही आमचे डेपोचे साहेब.

साहेबांना ही गाडी बंद करायची होती. त्यांचं म्हणणं, वाडीची लोकसंख्या ती केवढी? तरणी पोरं वारज्यात खोल्या घेऊन राहतात, मग बस कुणासाठी? त्यात लोड फॅक्टर कमी. लोड फॅक्टर म्हणजे गाडी किती भरून जाते ते. "तरी एकदा सातच्या गाडीत बसून स्वतः बघतो," असं ते म्हणाले होते. पण ही गाडी बंद झाली की पोरींचं शिक्षण थांबलं आणि दही विकणाऱ्या शेवंताबाईचं दही घरातच आंबलं. घाटाचा रस्ता, रिक्षावाला तिकडं यायचं नाव काढत नाही.

म्हणून मी वाडीला आधीच निरोप दिला. साहेब येणार आहेत, झाडून सगळे या. तिथंच घोटाळा झाला. सगळे आले, पण फेटे बांधून! हलगी, शाल, नारळ. साहेबांना फेटा बांधला, बसलाही हार घातला. सरपंचांनी भाषण ठोकलं. साहेब लाजत गाडीत जाऊन बसले. आणि अख्खी वाडी खाली उभी राहून हात हलवायला लागली.

"सरपंच, कुणी चढत का नाही?" मी खिडकीतून ओरडलो.

"आज कुनी जात न्हाई. सायबांसाठी समद्यांनी सुट्टी टाकलीया!"

साहेबांनी मागं वळून रिकाम्या सीटा बघितल्या. "बघितलं मी. काढा गाडी."

मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"माणसं चढल्याशिवाय निघत नाही."

"अहो, ही बस आहे, माणसं भरली की सुटणारी वडाप जीप नाही! वेळ झाली."

"मग आपण चालवा."

असं म्हणून मी खाली उतरलो. "शेवंताबाई, दही कुठंय?"

"घरात हाय. आज कुठं जायचंय?"

"रोज जाता तिथंच. नाहीतर उद्यापासून मडकं डोक्यावर घेऊन धरणापर्यंत चाला."

तेव्हा कुठं वाडीच्या डोक्यात प्रकाश पडला. अशी पळापळ झाली म्हणता! दुधाचे कॅन आले, दप्तरं आली, डबे आले. पोरी युनिफॉर्म घालून आल्या, फेटे तसेच. हलगीवाला वारज्यात बांधकामावर जायचा, तो हलगीसकट चढला. कंडक्टर जाधवांच्या तिकिटाच्या मशीनला उसंत नाही. एका म्हातारीला जागा द्यायला साहेबांना उठावं लागलं. मग प्रत्येक वळणावर त्यांचा फेटा दांडीला आपटायचा.

"सायब, पाय जरा आखडा, मडकं ठिवायचंय," शेवंताबाई म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. वाकून मला विचारतात, "खरं सांगा, रोज एवढी गर्दी असते?"

"असते. रोज फेटे नसतात, एवढाच फरक."

खडकवासल्याला ते उतरले. "गाडी चालू राहील," म्हणाले. "पण तुम्हाला मेमो मिळणार. गाडी अडवल्याबद्दल." मेमो म्हणजे साहेबाची लेखी नाराजी.

"द्या की. फक्त मराठीत द्या, मला वाचायचाय."

मागं हलगी सुरू झाली ती वारजे येईपर्यंत थांबली नाही.

त्यातून मी एवढंच शिकलो, साहेब येणार असले तर वाडीला कळू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीला स्टॉपवर चिटपाखरू नाही. गाडी राहिली या आनंदात सगळी वाडी गाढ झोपलेली. मी हॉर्नवर हात ठेवला, आणि शेवंताबाई अंबाडा बांधत दारात येईपर्यंत काढला नाही.