मुलींची गाडी

चिमणी गाडी चालवायला बसली की बाहेरून ड्रायव्हर दिसत नसे. स्टिअरिंगच्या वर जेमतेम कपाळ आणि केसांचा भांग. बेकरीवाल्याची आई म्हणायची, "भुताटकी आहे बाई, गाडी आपली आपण चाललीय." खाली उशी घे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. चिमणी म्हणे, "उशी घेतली तर ब्रेकला पाय पोचत नाही. माझं डोकं दिसायला हवं की गाडी थांबायला हवी, ते एकदा ठरवा."

तेवीस वर्षांची होती. आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या मिस्त्रींची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. गावात मुलींची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा डोंगरापलीकडे, वळणावळणाच्या रस्त्याने तासाभरावर. एके काळी तिथे बस जायची. मग चौकातल्या काही माणसांनी ड्रायव्हरला बजावलं, मुली नेल्यास तर गाडी जाळू. "वातावरण निवळेपर्यंत एक दिवस बस बंद राहील," असं नगरपालिकेने कळवलं. तो एक दिवस नऊ वर्षं चालला. चिमणी तेव्हा आठवीत होती. मिस्त्री तिला दुरुस्तीला आलेल्या ट्रकांच्या केबिनमध्ये बसवून शाळेत पोचवत राहिले. तिच्या वर्गातल्या बाकीच्या घरी बसल्या आणि एकेक करून सासरी गेल्या.

शिक्षण संपवून ती परत आली आणि तिने बससाठी अर्ज केला. नगरपालिकेत इतक्या खेपा घातल्या की तिला पाहिलं की शिपाई आपणहून खुर्ची सरकवायचा. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "बस देईन गं, पण मरायला तयार असलेला ड्रायव्हर कुठून आणू?"

"मरायला कशाला, साहेब? चालवायला हवा ना? मी चालवते."

बस काही मिळाली नाही. मिस्त्रींनी भंगारातली एक व्हॅन उभी केली, चिमणीने घरोघरी जाऊन आईबापांशी हुज्जत घातली, आणि आठ मुली मिळाल्या.

पहिल्याच महिन्यात कुणीतरी टायर फाडले. मग समोरची काच फोडली. ती चौकीत गेली तर हवालदार म्हणाला, "नसती उठाठेव कशाला? लग्न करून टाक." तेव्हापासून गाडी माझ्या अंगणात उभी राहू लागली. माझ्या अंगणाला भिंत आहे आणि फाटकाला आतून कडी. मी एकटी राहते. खरं सांगायचं तर गाडीमुळे मलाही सोबत वाटायची.

मिस्त्रींची एक पद्धत होती. चाकाचे नट आवळले की प्रत्येक नटावरून चाकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. चिमणी रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून रेघा बघायची. मी चहा घेऊन पायरीवर बसायचे, तेवढ्यात आमच्या गप्पा व्हायच्या.

त्या सकाळी ती पुढच्या डाव्या चाकापाशी बसली ती उठेना.

"काय गं, काही पडलं का?"

"आजी, बाबांना बोलवा. हाका मारू नका. जाऊन बोलवा."

मिस्त्री आले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. पिवळ्या रेघा सगळ्याच तुटल्या होत्या. एकही नट काढलेला नव्हता; प्रत्येक थोडा थोडा सैल केलेला.

"काढले असते तर इथेच कळलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हे वर, वळणावर सुटण्यासाठी आहेत." मग बराच वेळ नटावर अंगठा फिरवत राहिले. "शिकलेला हात आहे. गावात पाना धरणारे सगळे माझ्याच हाताखालून गेलेत."

फाटकाची कडी लागलेलीच होती. भिंतीच्या चुन्यावर बुटाचा ठसा होता. माझ्या निजायच्या खोलीची खिडकी त्या चाकापासून चार हातांवर आहे. मी झोपले असताना कुणीतरी तिथे बसून, आवाज न करता, सावकाश हे काम केलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. मी आवळतो, खालून सगळी गाडी बघतो. सांगितलंस तर एक मुलगी येणार नाही. खेळ खलास."

"आणि न सांगता नेल्या तर?"

"मी बघतो म्हणतोय ना?"

"बाबा, काल पण तुम्हीच बघितली होती."

मिस्त्रींनी पाना उचलला.

"त्यांच्या पोरी आहेत," चिमणी म्हणाली. "आपण त्यांना कशात बसवतोय, ते त्यांना कळायला हवं."

"मग आज गाडी बंद ठेव. एक दिवस."

तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली. एक दिवस किती लांबतो ते त्या घराला कुणी सांगायला नको होतं.

बेकरीच्या कोपऱ्यावर मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या, सोबत कुणाची आई, कुणाचा बाप. मीही गेले. चिमणीने गाडीतून उतरून सगळं सांगितलं, काही न वगळता. बोलताना तिने हात पाठीमागे धरले होते.

"शाबास!" बेकरीवाला ओरडला. "चाक निखळणार होतं म्हणून स्वतःच सांगतेस, आणि वर गाडी घेऊन दारात?"

"निखळणार होतं, काका. आता आवळलंय. आणखी काही केलं असेल तर मला ठाऊक नाही. म्हणून आज गाडी रिकामी नेते. शाळेपर्यंत जाते आणि परत येते. मग तुम्ही ठरवा."

बेकरीवाल्याची मुलगी दहावीला होती. परीक्षा तोंडावर आली होती. "बाबा, मी बसते," ती म्हणाली. त्याने तिचं दप्तर घट्ट धरलं. "तू तोंड बंद ठेव."

मिस्त्री गाडीत चढून बसले होते. चिमणी म्हणाली, "उतरा. तुम्हाला काही झालं तर नट आवळणार कोण?" कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. मिस्त्री उतरले.

गाडी गेल्यावर ते माझ्या फाटकापाशी उभे राहिले, डोळे मिटून. "चढण लागली," ते म्हणाले. "दुसरा गिअर टाकला." मला आधी आवाज येत होता, मग येईनासा झाला. मिस्त्री मात्र बोलतच होते. "आता पूल. आता मोठं वळण. सांभाळ गं." कुठल्याही कानाला इतक्या लांबचं ऐकू येणं शक्य नव्हतं. मी त्यांना थांबवलं नाही. भीती वाटली की मी रोजनिशीत नुसतं हवामान लिहिते. त्या दिवशीच्या पानावर ढग आणि वारा यांखेरीज काही नाही.

ती दुपारच्या आत परत आली. गाडी अंगणात लावली, भिंतीपाशी जाऊन भडभडून ओकली, चूळ भरली आणि म्हणाली, "रस्ता ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर तीनच मुली आल्या. चिमणी वाट पाहत राहिली. शेवटी तिने गाडी सुरू केली, तेवढ्यात बेकरीच्या मागच्या दारातून बेकरीवाल्याची आई नातीला हाताला धरून बाहेर पडली. मागून बेकरीवाला, पिठाच्या हातांनी.

"आई, तू कुठे निघालीस?"

"शाळेत. मला कुठे कुणी घातलं होतं? सरक." तिने नातीला आत ढकललं आणि स्वतः दाराशी बसली. बेकरीवाला गाडीला हात लावून उभा राहिला. मग त्याने हात काढला. दारावर पिठाचा पंजा उमटला.

चौकाच्या तोंडाशी एक मोटरसायकल रस्त्यात आडवी उभी होती. तिच्यावर दोघे होते. चिमणीने हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. तिने परत वाजवला नाही. इंजिन चालू ठेवून थांबली. आम्ही सगळे मागे कोपऱ्यावर. पुढे कुणीच झालं नाही.

मग गाडीच्या खिडकीतून म्हातारीचं डोकं बाहेर आलं. "अरे बाळांनो, व्हा की बाजूला! थांबलेल्या गाडीत मला मळमळतं. ओकारी आली ना, तर तुमच्याच अंगावर येईल!"

त्यांतल्या एकाला हसू आवरलं नाही. दुसऱ्याने मोटरसायकल मागे घेतली. व्हॅन पुढे गेली, चढणीला लागली. आणि मग, थोडं अंतर ठेवून, मोटरसायकलही तिच्यामागे निघाली.

त्या दिवशी मिस्त्री फाटकापाशी आले, पण काहीच बोलले नाहीत. ऐकतही नव्हते बहुतेक. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच होतो.

उजेड असतानाच गाडी आली. कोपऱ्यावर चौघी उतरल्या, म्हातारी उतरली, आणि बेकरीवाला लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. पोरीचे केस पिठाने पांढरे झाले. मोटरसायकल पार पुलापर्यंत मागे होती आणि मग कुठे गेली ते कळलं नाही, असं म्हातारीने सांगितलं.

चिमणीने गाडी अंगणात आणून लावली, पण ती उतरेना. मिस्त्रींनी दार उघडलं. तिच्या मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या होत्या आणि सुटत नव्हत्या. ती स्वतःच त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे हात असावेत तशी बघत होती. मिस्त्रींनी गंजलेला नट सोडवावा तसं हळूहळू तिचं एकेक बोट सोडवलं.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या पुढचे दिवे बघून द्या. वर धुकं पडायला लागलंय."